काळा ट्रे आणि लायटर फ्लुइड: ब्रिटिश पोस्टेज ड्यूवर आठ महिने वापर

ब्रिटिश पोस्टेज ड्यू तिकिटांवर राजाचा चेहरा नाही, फक्त मोठा आकडा. नॉटपेड (पुरेसं तिकीट न लावलेल्या) पत्राची, बहुधा दुप्पट, वसुली या तिकिटांनी व्हायची. (ब्रिटिश हिंदुस्थानात अशी तिकिटं नव्हतीच, नुसता शिक्का, पोर्तुगीज गोव्यात मात्र 1904 पासून होती.) 20 एप्रिल 1914 ला आलेलं जॉर्ज ईव्हचं डिझाइन पन्नासहून अधिक वर्षं टिकलं. त्यामुळे 5 पेनीचं तिकीट पाचव्या जॉर्जचं, आठव्या एडवर्डचं की सहाव्या जॉर्जचं, हे वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली खूण, तीच सांगते. ती पाहायचा काळा ट्रे घ्यायचं खरं कारण हेच.

ट्रेमध्ये तिकीट पालथं ठेवून लायटर फ्लुइडचे 4-5 थेंब टाकायचे. वॉटरमार्कपाशी कागद पातळ असल्याने तिथे ट्रेचा काळा रंग उमटतो. डिंकाला धक्का लागत नाही, तिकीट मिनिटभरात वाळतं. वॉटरमार्क आडवा असतो, तेव्हा मान नाही, ट्रे फिरवा. 1914 च्या कागदात जी-व्ही-आर (पाचव्या जॉर्जची आद्याक्षरं) वळणदार, 1924 पासून ठोकळा अक्षरांत. 1936-37 मध्ये आठव्या एडवर्डचं ई-8-आर, मग सहाव्या जॉर्जचं जी-व्ही-आय-आर. इथवर ट्रे कधी फसवत नाही.

पंचाईत होते ती 1954-55 चा ट्यूडर मुकुट आणि त्यानंतरचा सेंट एडवर्ड मुकुट यांत. दोन्हींत दुसऱ्या एलिझाबेथचं ई-2-आर आहेच. ट्यूडरच्या कमानी वर गोल, सेंट एडवर्डच्या मधोमध खचलेल्या. तिकिटात अर्धाच मुकुट आला असेल तर पुन्हा भिजवा, घाईने ठरवू नका. पिवळ्या कागदाच्या अडीच शिलिंगवर तर खूण फिकीच दिसते.

न मागता मिळालेला फायदा: पाठीमागून खरवडलेली जागा आणि दाबून सपाट केलेली घडी द्रवात लगेच काळी पडते. महाग तिकीट घेण्याआधी एवढं तरी कराच.

दुकानात 'लायटरचं' मागितलं की बहुतेक वेळा गॅसचा डबा हातात येतो, तो निरुपयोगी. वातीच्या लायटरचा द्रव हवा. पंपावरचं पेट्रोल नको, डाग राहतो. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, बूच घट्ट. नाहीतर बाटली न वापरताच अर्धी होते. 1970 पासूनच्या दशमान चलनाच्या तिकिटांना ट्रे दाखवूच नका: वॉटरमार्क नाही, आणि काही फोटोग्रॅव्ह्युअर (छपाईची एक पद्धत) शाया या द्रवात सुटतात.