तीन आठवड्यांच्या पिल्लासाठी पिसवांची फणी: दीड महिन्याच्या वापरानंतरचा अभिप्राय

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातील इमारतीच्या जिन्याखाली काळी ही गल्लीतली कुत्री व्याली. तिच्या चार पिल्लांपैकी सर्वांत लहान, पांढरे पिल्लू तिसऱ्या आठवड्यात दूध पिता पिता मध्येच गळून झोपी जाऊ लागले, म्हणून मी ते उचलून पाहिले, तर पोटावरच्या विरळ केसांतून पिसवा सैरावैरा धावत होत्या. पिल्लाचे डोळे उघडून जेमतेम आठवडा झाला होता, हिरड्यांतून एकही दात वर आला नव्हता आणि शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर त्याचे वजन ६४० ग्रॅम भरले. एवढ्याशा जिवावरच्या पिसवा कशा काढाव्यात, या शोधात जे जे हाती लागले त्यात सर्वाधिक उपयोगी ठरली ती १८० रुपयांची स्टीलची फणी, आणि हा अभिप्राय प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

फणीपर्यंत पोहोचण्याआधी माझ्याकडून एक चूक होता होता राहिली. प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या एका दुकानात मी पिल्लाचे वय स्पष्ट सांगितले होते, तरीही दुकानदाराने अंगावर भुरभुरण्याची पावडर पुढे केली आणि ‘चालते, सगळेच नेतात’ असे सांगितले. घरी आल्यावर चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा १२ आठवड्यांखालील पिल्लांवर ती वापरू नये, अशी सूचना तिथे छापलेली आढळली. पावडर पिल्लाच्या अंगावर नुसती पडून राहत नाही. आई त्याला दिवसातून अनेकदा चाटते, भावंडे त्याच्या अंगावर लोळतात आणि तीच पावडर सगळ्यांच्या पोटात जाते. इतक्या लहान पिल्लाचे यकृत असे कीटकनाशक पचवून बाहेर टाकण्याइतके तयार झालेले नसते. मी डबा परत केला, पैसेही मिळाले. पण वय विचारून ऐकून घेतल्यावरही असा डबा हातात ठेवला जातो, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाला पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टरांनी पिसवांकडे पाहण्याआधी पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. याच्या फिकट होत्या. मोठ्या कुत्र्याला पिसवांचा त्रास म्हणजे मुख्यतः खाज, पण पाऊण किलोही न भरणाऱ्या पिल्लाच्या अंगात मुळात रक्तच थोडे असते आणि पन्नास-शंभर पिसवा ते दिवसरात्र पीत राहिल्या, तर पिल्लू पंडुरोगाने दगावू शकते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पिल्लू थंड लागू लागले किंवा दूध ओढेनासे झाले, तर फणी बाजूला ठेवून त्याच तासाला डॉक्टर गाठावा, एवढे मी सर्वांना कळकळीने सांगतो. नागपूरकरांना त्यासाठी फार शोधाशोध करावी लागू नये; सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आपल्याच शहरात आहे.

पिसवा मारणाऱ्या औषधांच्या वयोमर्यादा त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजल्या. नायटेनपायरमची गोळी चार आठवडे पूर्ण झालेल्या आणि साधारण ९०० ग्रॅमच्या वर वजन असलेल्या पिल्लासाठी आहे. सेलामेक्टिनचे मानेवर सोडायचे थेंब सहा आठवड्यांनंतर, तर फिप्रोनिलचे थेंब आणि अफॉक्सोलॅनरची चघळायची गोळी आठ आठवड्यांनंतर, तीही वजन पाहून. फिप्रोनिलच्या फवाऱ्याला काही देशांत दोन दिवसांच्या पिल्लापासून परवानगी आहे, परंतु थेंब आणि फवारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय फवाऱ्यातील अल्कोहोल उडून जाताना पिल्लाचे अंग थंड पडते, म्हणून तो डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिल्याशिवाय वापरायचा नाही. आमचे पिल्लू एवढे लहान आणि अशक्त होते, की डॉक्टरांनी सगळी औषधे पुढे ढकलली आणि फणी घ्यायला सांगितली.

फणी म्हणजे आपल्याकडे उवा काढायला वापरतात तीच, असे मला वाटले होते, आणि पहिल्या संध्याकाळी घरातली प्लास्टिकची उवांची फणी वापरूनही पाहिली. तिचे दात केसांत शिरताच फाकतात आणि पिसू त्या फटीतून निसटते. नंतर आणलेल्या स्टीलच्या फणीचे दात सरळ, गोल टोकांचे आणि इतके जवळजवळ आहेत, की त्यांतून पिल्लाचा मऊ केस जातो, पण पिसू अडकते. दात सुमारे दीड सेंटिमीटर लांब आहेत. लांब दातांची मोठी फणीही दुकानात होती. ती लहान पिल्लाच्या काखेत आणि जांघेत वळतच नाही, त्यामुळे छोटी घेतली ते बरे झाले.

वापरण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. मांडीवर पांढरा पंचा पसरायचा, शेजारी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेले कोमट पाणी वाटीत ठेवायचे आणि मानेपासून सुरुवात करून केसांच्या दिशेने, कातडीला टेकवून, सावकाश फणी ओढायची. दर ओढीनंतर फणी वाटीत बुडवायची. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते; साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडला, की ती तळाशी जाते. पहिल्या संध्याकाळी वाटीच्या तळाशी मी ३१ पिसवा मोजल्या. पंचावर काळ्या रव्यासारखे कण पडले होते. ओला कापूस त्यांवर टेकवला, तर प्रत्येक कणाभोवती विटकरी लाल डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पिल्लाचेच पचलेले रक्त. त्या कापसाकडे पाहिल्यावर हिरड्या फिकट का झाल्या, हे कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

रोज दोनदा फणी फिरवण्यामागे एक कारण आहे. पिसवेची मादी रक्त प्यायल्यावर साधारण दीड दिवसाच्या आत अंडी घालू लागते आणि पुढे दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. सकाळ-संध्याकाळ फणी फिरली, तर अंगावर नव्याने आलेल्या बहुतेक पिसवा अंडी घालण्याआधीच वाटीत पडतात. आठवड्यातून एकदा तास-दीड तास विंचरण्यापेक्षा रोजची दोन वेळची दहा-दहा मिनिटे म्हणूनच अधिक कामाची. पिल्लालाही तेवढेच सोसवते. त्याहून जास्त वेळ ते आईपासून दूर राहिले, तर गारठते. याच भीतीने आंघोळ मी एकदाही घातली नाही. तीन आठवड्यांच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही आणि पावसाळी हवेत ओले केस लवकर सुकत नाहीत. कडुनिंबाचे तेल, फिनाइल, रॉकेल असे सल्लेही अनेकांनी दिले. ते सगळे चाटण्यातून पोटात जाणार, म्हणून एकही ऐकला नाही.

आता फणीच्या उणिवा. डोळ्यांभोवती आणि कानांच्या घडीत ती चालत नाही. तिथे बोटाने केस मागे करून ओल्या कापसाने पिसू टिपावी लागते. मूठ प्लास्टिकची असून साबणाच्या हाताने निसरडी होते, मी तिला सुतळी गुंडाळली. सर्वांत मोठी उणीव मात्र फणीची नाही, तिच्याकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षेची आहे. पिसवांची अंडी गुळगुळीत असतात, ती अंगावर टिकत नाहीत, जमिनीवर आणि अंथरुणात गळतात. त्यांतून निघालेल्या अळ्या अंधाऱ्या, दमट कोपऱ्यात वाढतात आणि कोश विणून आत बसतात. जवळपासच्या हालचालीची, उबेची चाहूल लागली, की कोशातून पिसू बाहेर येते. फणीला या कशापर्यंतच पोहोचता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिसवा ३१ वरून ४ वर आल्या आणि बाराव्या दिवशी पुन्हा १७ निघाल्या, त्याचे कारण हेच होते.

मग जिन्याखालची जागा नीट पाहिली. पिल्लांखाली तरटाचे पोते होते आणि भिंतीलगत उन्हाळ्यानंतर काढून ठेवलेल्या कूलरच्या, वाळ्याच्या जुन्या ताट्या रचलेल्या होत्या. नागपूरच्या मे महिन्यातली कोरडी, भाजून काढणारी हवा पिसवांच्या अळ्यांना मानवत नाही, पण पावसाळ्यातला दमट अंधार आणि वाळ्यात साचलेला केर त्यांना सोयीचा ठरतो. ताट्या टाकून दिल्या, पोत्याऐवजी जुन्या सुती साड्यांच्या घड्या अंथरल्या आणि त्या दर दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात बुडवून, इस्त्री करून वापरल्या. फरशीच्या भेगा झाडूने आणि नंतर व्हॅक्यूम क्लीनरने साफ केल्या. डॉक्टरांनी काळीसाठी, दूध पाजणाऱ्या कुत्रीला चालणारे औषध दिले आणि ते अंगावर सुकेपर्यंत पिल्ले वेगळी ठेवायला सांगितली. तेवढा वेळ चारही पिल्ले संत्र्याच्या खोक्यात, साडीत गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीला बिलगून झोपली. आईवर इलाज न करता फक्त पिल्ले विंचरत बसणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे.

फणी वापरू लागल्यापासूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वाटीत सलग चार दिवस एकही पिसू आली नाही. पांढऱ्या पिल्लाच्या हिरड्या त्याआधीच गुलाबी होऊ लागल्या होत्या. एकदा त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखा कण दिसला. पिसू गिळल्याने पोटात चपटे जंत होतात, त्याची ती खूण होती, आणि त्यावरचे औषध डॉक्टरांनी वजनानुसार दिले. आज ते नऊ आठवड्यांचे असून वजन २ किलो ४०० ग्रॅम आहे, म्हणून मागच्या रविवारी त्याच्या मानेवर पहिल्यांदा औषधाचे थेंब सोडले.

फणीचे दात दीड महिन्यात वाकले नाहीत. मुळाशी एका ठिकाणी गंजाचा ठिपका आला, तो मी एक रात्र ती वाटीतच विसरलो म्हणून. पुसून कोरडी ठेवली असती तर आला नसता. चार आठवड्यांच्या आतील पिल्लासाठी ही फणी मी निःशंकपणे घ्यायला सांगेन. घेताना दात धातूचेच आहेत का ते पाहावे आणि टोके एकदा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघावी; ओरखडा उठला तर ती परत करावी, पिल्लाची कातडी त्याहून नाजूक असते. आमची फणी सध्या जिन्याजवळच्या मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे आणि पहिल्या मजल्यावरची मुले शाळेतून आल्यावर उरलेल्या तीन पिल्लांना तिनेच विंचरतात.