न बदललेल्या क्लच प्लेट्सचे बावीस हजार

मॉडिफाय केलेल्या मोटारसायकली चालवणाऱ्या सर्वांनी सावध व्हावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650 या मोटारसायकलचे इंजिन ट्रॅकवरील वापरासाठी 648 सीसीवरून 865 सीसी करून घेतले होते. मूळ इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे 52 न्यूटन-मीटर असतो आणि क्लचच्या प्लेट्स एकमेकींवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा दाब त्याच हिशेबाने ठरवलेला असतो. टॉर्क वाढल्यावर सहाव्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडताच आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) झपकन चढू लागला, वेग मात्र वाढेना; म्हणजेच क्लच घसरत होता. क्लच लिव्हरचा फ्री प्ले (मोकळी हालचाल) योग्य होता आणि ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचे जेएएसओ एमए2 दर्जाचे ऑइल मी स्वतः सीलबंद आणून दिले होते, त्यामुळे दोष प्लेट्स आणि स्प्रिंगमध्येच असणार हे उघड होते.

पुण्यातील एका गॅरेजने परदेशी बनावटीच्या फ्रिक्शन प्लेट्स (घर्षणाचा थर असलेल्या चकत्या), त्यांच्यामध्ये बसणाऱ्या स्टील प्लेट्स आणि कडक स्प्रिंग असा पूर्ण संच बसवतो असे सांगून 22,000 रुपये घेतले. संचाचा खोका मला दाखवला, पण काम माझ्यासमोर केले नाही. जुन्या प्लेट्स मागितल्या तेव्हा त्या भंगारात गेल्याचे सांगितले आणि बिलावर केवळ ‘क्लच काम’ एवढेच लिहिले.

टेस्ट राइडला गाडी उत्तम चालली, आणि या फसवणुकीतील खरी मेख हीच आहे. जुन्या प्लेट्सवरचा चकाकता थर पॉलिश पेपरने घासून काढला आणि स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवला, तर क्लच काही काळ घट्ट धरतो. पुढे झिजलेल्या प्लेट्स तापून पुन्हा घसरू लागतात. शिवाय वॉशरमुळे स्प्रिंगची वेटोळी वेळेआधीच एकमेकांना टेकली, तर लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेट्स नीट सुटत नाहीत आणि न्यूट्रल सापडणे अवघड होते. माझ्या गाडीत ही दोन्ही लक्षणे महिनाभरातच दिसू लागली.

दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर उजवीकडचे कव्हर उघडले. स्टील प्लेट्सवर उष्णतेचे निळे डाग होते आणि त्यांवर घासल्याच्या ओरखड्यांची आडवीउभी जाळी होती. फ्रिक्शन प्लेट्सची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजली असता ती सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेपेक्षा कमी भरली, आणि प्रत्येक स्प्रिंगखाली वॉशर निघाला. क्लच बास्केटला (प्लेट्स ज्यात बसतात त्या भागाला) खाचा पडलेल्या नव्हत्या, एवढेच समाधान. त्या मेकॅनिकने प्लेट्स खरोखर नव्या घातल्या, बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या, स्टील प्लेट्स काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी) त्यांचा सपाटपणा तपासला आणि योग्य दाबाच्या स्प्रिंग बसवल्या. घसरणे पूर्ण थांबले.

पहिल्या गॅरेजकडे जाब विचारला तेव्हा “गाडी मॉडिफाय केलेली आहे, तक्रार कुठे करणार?” असे उत्तर मिळाले. अनेक मालक नेमके याच भीतीने गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत हे खरे. पण न बसवलेल्या सुट्या भागांचे पैसे उकळणे ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. म्हणून क्लच उघडताना समोर उभे राहावे, खोक्यावरील पार्ट नंबर जीएसटी बिलात लिहून घ्यावा आणि जुन्या प्लेट्स त्याच दिवशी ताब्यात घ्याव्यात. मी घासलेल्या प्लेट्स, वॉशर, मोजमापांची छायाचित्रे आणि ते बिल जपून ठेवले असून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही.