पक्के दात, कच्ची पावती

जानेवारी २०२४. मेहुण्याच्या शेतात हुरड्याला बसलो होतो. आगटीतली गरम कणसं चोळून पोरं ताटात टाकत होती. सोबत लसणाची चटणी आणि दही होतं. हुरडा तो काय, दाताला जोर असा लागतच नाही. तरी तिसऱ्या घासाला तोंडात कट्‌ झालं आणि वरच्या ‘पक्क्या’ दातांपैकी तीन दातांचा अख्खा तुकडा तळहातावर आला. ४,६०,००० रुपये मोजून, जबड्याच्या हाडात स्क्रू घालून बसवलेले दात. बसवून जेमतेम अकरा महिने झाले होते.

शेजारी माझी आई बसली होती. वय ८४, तोंडात २०१२ साली १४,००० रुपयांत केलेली कवळी. तिने तुकड्याकडे बघितलं आणि निवांत पुढचा घास घेतला. रात्री पाण्याच्या पेल्यात ठेवलेल्या तिच्या कवळीवरून मी किती वर्षं तिची थट्टा केली होती, ते तिला आठवलं असणार. बोलली मात्र काही नाही.

मी जालन्याचा, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ‘नीट वाचून मग सही करा’ शिकवलं. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

आधीच्या वर्षी एका मंगल कार्यालयात मोफत दंततपासणी शिबिर होतं. फलकावर लिहिलेलं, ‘३ दिवसांत पक्के दात’. तेव्हा माझे तेरा दात शिल्लक होते, वर पाच आणि खाली आठ. वरचे हलत होते. खालचे पुढचे सहा घट्ट होते, फक्त तंबाखूने काळे पडलेले. तोंडात आरसा घालून कोणीतरी दोन मिनिटं बघितलं आणि मला टेबलापलीकडच्या एका ताईंकडे पाठवलं. अंगात पांढरा एप्रन, पण त्या डॉक्टर नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं काम पटवण्याचं.

त्यांनी लॅपटॉपवर दोन माणसं दाखवली. एकाची कवळी लग्नाच्या पंगतीत ताटात पडते, दुसरा करकरून ऊस खातो. “काका, कवळी म्हणजे म्हातारपण. तुम्हाला कोणतं व्हायचंय?” मी म्हटलं, माझ्या आईला कवळी आहे. तर लगेच, “मग आजींचे हाल तुम्ही रोज बघताच की!”

इथेच मी सापडलो, कारण त्यात थोडं खरं होतं. आईची खालची कवळी हलते. बोलताना ती जिभेने दाबून धरते. भाकरी दुधात चुरून खाते. खोटं पचायला थोडं खरं लागतंच. वरची कवळी मात्र अकरा वर्षं टाळूला घट्ट चिकटून होती, तिच्याबद्दल त्या ताईंनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

सगळी ठकवणूक त्या तुलनेत होती. एका पारड्यात सगळ्यात चांगले स्क्रूवरचे दात, दुसऱ्यात सगळ्यात वाईट कवळी. मधलं काही नाहीच.

आज मला जे कळतं ते असं. वरची कवळी अख्ख्या टाळूवर बसते. मध्ये लाळेचा पातळ थर असतो, त्याने ती चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी, तिला बसायला जागाच अरुंद, त्यात जीभ सारखी ढकलते. शिवाय दात गेल्यावर हाड झिजतं, आणि खालचं वरच्यापेक्षा बरंच जास्त. म्हणून ‘कवळी चांगली की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. वर की खाली, ते आधी विचारायचं. आणि खालच्यासाठी मधला उपाय जगभर मान्य आहे. पुढच्या भागात दोन स्क्रू बसवायचे आणि त्यावर कवळी टिचबटणासारखी टच्‌कन अडकवायची. रात्री काढता येते, दिवसा हलत नाही. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर म्हटलं होतं, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसासाठी पहिली निवड हीच असावी. वर-खाली सगळे पक्के दात बसवण्यापेक्षा खर्चही पुष्कळच कमी. शिबिरात हे नाव कोणी काढलं नाही. का काढतील?

‘आजची सूट आजच’ असल्यामुळे व्यवहार तासाभरात झाला. ४,००,००० रुपयांचं कर्ज, बिनव्याजी, २४ हप्ते. त्यांच्याच टॅबवर बोटाने सही केली, मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला, आणि बँकेतून माझ्या हातात एक रुपया न येता सगळी रक्कम थेट दवाखान्याला गेली. पहिलं इंजेक्शन टोचण्याआधीच. वरचे ६०,००० रोख दिले. त्याची पावती म्हणजे साध्या कागदावर ‘फुल माउथ ट्रीटमेंट’ एवढे तीन शब्द आणि एक आकडा. कोणत्या कंपनीचे स्क्रू, किती, दात कशाचे, काही नाही.

फेब्रुवारीत एकाच दिवशी तेराही दात काढले आणि दहा स्क्रू बसवले. आदल्या आठवड्यात बत्तीशीचा साधा एक्स-रे काढला होता. हाडाची रुंदी-खोली दाखवणारा त्रिमितीय स्कॅन काढलाच नाही. साखर कोणी तपासली नाही. मला मधुमेह आहे. फॉर्मवर तसा रकाना होता, तो त्या ताईंनीच ‘नाही’ म्हणून भरून टाकला. आणि तंबाखूचं विचारलं तेव्हा मीच ‘सोडली’ म्हणून सांगितलं. सोडली नव्हती. हा दोष माझा, तो दुसऱ्यावर ढकलणार नाही.

तिसऱ्या दिवशी तोंडात पांढरेशुभ्र दात. बायको म्हणाली, “अहो, अगदी लग्नातल्या फोटोसारखे दिसताय.” मी चार जणांना त्या दवाखान्याचा पत्ता दिला. त्यातले दोघे गेले. ते आजकाल रस्त्यात भेटले की मी दुकानात शिरतो.

‘तीन दिवसांत दात’ हे निव्वळ थोतांड नाही, म्हणूनच ते खपतं. टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजतो हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कने दाखवलं, आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला तसे दात दिले. पुढे लिस्बनच्या पावलो मालोने एका जबड्याला चार स्क्रूंवर अख्खी रांग बसवायची पद्धत रूढ केली. हाड चांगलं असेल आणि स्क्रू घट्ट बसले तर दात लगेच जोडता येतात. पण ते तात्पुरते, ॲक्रिलिकचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे. स्क्रू हाडात रुजायला काही महिने जावे लागतात, तोवर खाणं मऊ. त्यानंतर नव्याने मापं घेऊन भक्कम दात. मला सांगितलेलं अर्धंच होतं. तीन दिवसांचे दात हेच दात, असं मी धरून चाललो आणि त्यांनी धरू दिलं.

ऑगस्टमध्ये बोलावलं तेव्हा सूर बदलला. “काका, आता झिर्कोनियाला अपग्रेड करू. १,२०,००० फक्त.” झिर्कोनिया म्हणजे एक कठीण, पांढरं सिरॅमिक. मी म्हटलं, पक्के दात तर झाले ना? तर म्हणे झालेच, हे अपग्रेड ऐच्छिक आहे. मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून माझा फोन उचलणं कमी झालं. ज्यांनी स्क्रू बसवले ते डॉक्टर बाहेरगावचे, महिन्यातून दोनदा येणारे. ते येईनासे झाले. दिवाळीपर्यंत वरच्या हिरडीतून पू येऊ लागला. दातांच्या खालची फट कशी साफ करायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पक्के दात म्हणजे घासले नाहीत तरी चालतं, अशीच माझी समजूत.

हुरड्यानंतर मी छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. केस पेपर काढला, रांगेत बसलो. तिथल्या मॅडमनी आधी साखर तपासायला लावली. तीन महिन्यांची सरासरी ९.२ निघाली, म्हणजे बरीच वाढलेली. मग स्कॅन. वरच्या सहापैकी दोन स्क्रू सैल, एकाचं टोक गालामागच्या पोकळीत. नंतर त्यांनी माझ्या मोबाइलमधला दात काढण्याआधीचा एक्स-रे मोठा करून बघितला.

“सर, खालचे पुढचे सहा का काढले?”

मी गप्प.

“मुळं लांब आहेत, हाड आहे. साफ करून हे अजून कितीतरी वर्षं टिकले असते.”

पैशाचं दुःख होतंच. पण त्या रात्री झोप उडाली ती या सहा दातांनी. पैसे निदान मागता तरी येतात.

आणखी एक अडचण पुढे आली. खालचे चारही स्क्रू चांगले रुजलेले, पण ते कोणत्या कंपनीचे? प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, पाना वेगळा. स्क्रूच्या पाकिटावर लॉट नंबरचे स्टिकर असतात. एक रुग्णाला द्यायचा, एक फाइलला चिकटवायचा. माझ्याकडे काहीच नव्हतं. एक्स-रेमधल्या आकारावरून मॅडमनी दोन ओळखले. उरलेले दोन हिरडीखाली तसेच झोपवून ठेवलेत. ओळखलेल्या दोनांवर आता माझी खालची टिचबटणाची कवळी बसते. वरचे स्क्रू काढले, जखम भरल्यावर साधी कवळी केली. त्यासाठी पाच खेपा घातल्या. आधी माप, मग माझ्या तोंडापुरता खास ट्रे करून पुन्हा माप, मग वरचा-खालचा चावा जुळवणं, मेणात दात लावून बघणं आणि शेवटी कवळी. मेणातल्या दातांच्या वेळी त्यांनी बायकोला बोलावून विचारलं, दात असेच होते का? तेव्हा मला शिबिरातला तो एक तास आठवला.

तुमच्या घरात कोणी असल्या शिबिराहून माहितीपत्रक घेऊन आलं, तर त्या दिवशी सही आणि ओटीपी दोन्ही देऊ नका. एक्स-रेची प्रत घरी आणा. कोणता दात का काढायचा, हे एकेका दाताचं नाव घेऊन विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, शक्यतो कृत्रिम दातांत एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी, घेतलेल्या. स्क्रूची कंपनी, तात्पुरते दात कशाचे, कायमचे कशाचे, ते कधी आणि त्याच पैशांत की वेगळ्या, हे बिलावर लिहून मागा. बिलावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. माझ्या कागदावर तो नव्हता आणि मी बघितलाही नाही. टिचबटणाच्या कवळीचा विषय तुम्हीच काढा. तोंड वाकडं झालं तर उठून या.

मी सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मुदत दोन वर्षांची असते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. रोख दिलेल्या ६०,००० चं काय होईल, यावर माझे वकीलसाहेब मान हलवतात. कर्जाचे हप्ते मात्र मी थांबवले नाहीत. त्यात बँकेशी वाद घालायची ताकद नव्हती. शेवटचा हप्ता २०२५ च्या फेब्रुवारीत गेला, तुटलेल्या दातांचा.

दवाखान्याचं म्हणणं, ‘हे दात कायमचे आहेत’ असं आम्ही कुठेच लिहून दिलेलं नाही. खरंच आहे ते, नाहीच दिलेलं. म्हणून प्रत्येक तारखेला तो तीन दातांचा तुकडा मी सोबत नेतो. कापसात गुंडाळून एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवलाय. तंबाखू सुटल्यापासून डबी रिकामीच होती.