चायनीज न्यू इयर स्पेशल थाळी: मासा आला, पण डोकं कुठाय?

आधीच सांगते, चव वाईट नव्हती. मुंबईच्या फोर्टातलं बऱ्यापैकी जुनं चायनीज हॉटेल आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, न्यू इयरचा सेट मेन्यू होता, माणशी अडीच हजार वर टॅक्स. यंदा त्यांचं वर्ष १७ फेब्रुवारी २०२६ ला लागलं, घोड्याचं वर्ष. घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं ते खरं आदल्या रात्री, पण तो आला सोमवार, आणि सोमवारी सासूबाई अंड्यालाही हात लावत नाहीत, म्हणून आम्ही पुढच्या रविवारी गेलो. बिघडलं काहीच नाही, सण पंधरा दिवस चालतो, शेवटी कंदिलांचा दिवस असतो तो यंदा नेमका आपल्या होळी पौर्णिमेला.

आता मासा. मेन्यूत छापलंय ‘आख्खा वाफवलेला जिताडा, आलं, पातीचा कांदा, सोया’. टेबलावर आल्या चार वेगळ्या प्लेटा, प्रत्येकीत साबणाच्या वडीएवढा बोनलेस तुकडा आणि वर कसला तरी हिरवा पाला. अरे, या जेवणात मासा डोक्या-शेपटीसकट येतो, मधोमध ठेवतात, बऱ्याच घरांत डोकं सगळ्यात मोठ्या माणसाच्या दिशेला, सगळे एकाच ताटलीतून घेतात आणि थोडा मुद्दाम शिल्लक ठेवतात, का तर वर्षभर घरात असंच उरून पुरावं. चार प्लेटांत चार तुकडे दिल्यावर उरवायचं काय आणि कोणी? वेटर बिचारा म्हणाला, मॅडम, लोकांना काटे नको असतात. यावर गिरगावात जन्म काढलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, मग डोकं तरी आणा, आत असेलच की.’ तो खरंच आत जाऊन विचारून आला. नव्हतं, मासा फिलेच करून येतो म्हणे. मुंबईत, जिथे डोक्यावरून भावंडांत भांडणं होतात तिथे, बोनलेसचं कारण सांगायचं म्हणजे कमाल आहे.

नूडल्सचंही तेच. वर्षाच्या सुरुवातीच्या नूडल्स लांबच्या लांब ठेवतात, तोडत नाहीत, लांब आयुष्य म्हणून. इथे वेटरने वाढताना दोन चमच्यांच्या कडांनी सटासट कापून प्रत्येकाच्या बोलमध्ये टाकल्या, मी ‘थांबा थांबा’ म्हणेपर्यंत चौघांचंही आयुष्य कमी करून मोकळा झाला. चवीला मात्र मस्त, कढईचा तो धुरकट वास होता.

डम्पलिंगला पैकीच्या पैकी मार्क. पोर्क आणि चायनीज कोबी, पारी इतकी पातळ की आतलं हिरवं दिसत होतं, आणि कडेची मुरड एकसारखी नव्हती, कुठे सहा चुण्या कुठे आठ, म्हणजे आत कोणीतरी हाताने वळत बसलंय, पाकीट फोडून उकळत्या पाण्यात टाकलेली नाहीत. उत्तर चीनमध्ये आदल्या रात्री सगळं घर मिळून ही वळतं, आपल्याकडे दिवाळीत करंज्यांना बसतात तसं. काही घरांत एखाद्यात नाणं लपवतात, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं.

मेन्यूत चिकन मंचुरियन पण होतं. याचा चिनी सणाशी काय संबंध, तो तर आपला मुंबईचाच, १९७५ च्या सुमाराला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात शेफ नेल्सन वाँगनी केला असं सांगतात. पण खरं बोलायचं तर आमच्या टेबलावर सगळ्यात आधी तेच संपलं.

गोडात नियान गाव, चिकट तांदळाचं पीठ आणि साखरेचा वाफवलेला केक. त्याच्या चकत्या अंड्यात बुडवून परततात, बाहेरून कुरकुरीत आतून चिवट, नुसता खायचा असतो. यांनी वर व्हॅनिला आइस्क्रीम आणि चॉकलेट सॉस ओतलं, थंडाने केक कडक झाला. लेकीने आइस्क्रीम खाल्लं, केक तसाच.

बिलाबरोबर लाल पाकीट आलं म्हणून ती खूश झाली, उघडलं तर पुढच्या वेळचं दहा टक्के डिस्काउंट कूपन! हे पाकीट मोठ्यांनी लहानांना द्यायचं असतं, आत कोऱ्या नोटा. सासूबाईंनी कूपन काढून शंभरची नोट घातली आणि १०१ करायला पर्समध्ये रुपया शोधायला लागल्या. म्हटलं आई राहू दे, तिकडे सम आकडा शुभ, फक्त चार नको. ‘मग दोनशे दे तू,’ म्हणाल्या. दिले.

सर्व्हिस चार्ज न विचारता लावला होता. तो ऐच्छिक असतो, आपोआप बिलात घालायचा नाही असा नियम २०२२ पासून आहे, सांगितल्यावर कुरकुर न करता काढला, हे मॅनेजरच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

पाचपैकी अडीच, त्यातले दोन डम्पलिंगचे. सेट मेन्यू घेऊच नका, डम्पलिंग आणि नूडल्स वेगळे मागवा आणि नूडल्स आम्हीच वाढून घेतो म्हणून आधीच बजावा. माशासाठी फोन करून विचारा, आख्खा मिळतो का. आणि सणच बघायचा असेल तर हार्बर लाइनच्या लोकलने डॉकयार्ड रोडला उतरा, माझगावात नवाब टँक रोडला चिनी लोकांचं १९१९ सालचं सी यिप देऊळ आहे, वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा त्यांचा देव, न्यू इयरच्या आदल्या रात्री तिथे गर्दी असते. तिकीट नाही, जिना अरुंद आहे, वयस्कर माणसांना जपून न्या.