इथेनॉलपासून हायड्रोजन: निकेल ॲल्युमिनावर बसवायचं की सेरियावर?

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या भरपूर, त्यामुळे इथल्या एमएस्सीच्या मुलांना इथेनॉल आणि पाण्याची वाफ यांपासून हायड्रोजन हा विषय सुचणं साहजिक आहे. उत्प्रेरक म्हणून धातू बहुधा निकेलच ठरतो. स्वस्त आहे आणि कार्बन-कार्बन बंध चांगला तोडतो. अडतं ते सपोर्टपाशी, म्हणजे निकेल ज्या पावडरीवर बसवायचं तिच्यापाशी. बरेच जण पृष्ठफळाचा आकडा बघून गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक सच्छिद्र प्रकार) घेतात. मी म्हणेन, सपोर्ट स्वतः इथेनॉलचं काय करतो ते आधी बघा.

गॅमा ॲल्युमिना दणकट आणि स्वस्त. ग्रॅममागे 150 ते 300 चौरस मीटर पृष्ठफळ सहज मिळतं, निकेल त्यावर बारीक पसरतं. पण त्याच्या आम्लधर्मी जागांवर इथेनॉलमधून पाणी निघून इथिलीन होतं आणि इथिलीनपासून निकेलवर कार्बन साचतो. कार्बनचे धागे वाढत वाढत निकेलचा कणच सपोर्टवरून उचलतात, रिॲक्टरची नळी तुंबायला लागते. भट्टीचं तापमानही सांभाळावं लागतं. कॅल्सिनेशन, म्हणजे हवेत भाजणं, 450-500 अंशांवर ठीक; 800 च्या आसपास नेलंत आणि पावडर निळसर निघाली, तर निकेल ॲल्युमिनेट (निकेल आणि ॲल्युमिनाचं संयुग) झालं म्हणून समजा. मग 500 अंशांच्या रिडक्शनला (हायड्रोजनमध्ये तापवून पुन्हा धातू करण्याला) ते निकेल दाद देत नाही.

सेरिया, म्हणजे सेरियम ऑक्साइड, वेगळा वागतो. सेरियम +4 आणि +3 अशा दोन्ही अवस्थांत सहज जातो-येतो, त्यामुळे स्फटिकातला ऑक्सिजन कार्बन जाळायला मिळतो आणि झालेली तूट पाण्याची वाफ भरून काढते. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये सेरिया असतो तो याच गुणासाठी. मात्र तो महाग, पृष्ठफळ कमी, आणि तापत राहिला की आणखी घटतं.

सिलिकावर (सिलिकॉन ऑक्साइडवर) निकेलची पकड ढिली, कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. टायटानियावर (टायटॅनियम ऑक्साइडवर) 500 अंशांना रिडक्शन केलं की त्याचाच पातळ थर धातूवर चढतो. असा धातू हायड्रोजन धरेनासा होतो हे टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवलं होतं. विषय सुंदर आहे, पण पहिल्या प्रोजेक्टसाठी नको.

बजेट तुटपुंजं असेल तर ॲल्युमिनावर आधी सेरियम नायट्रेट चढवून भाजा, मग निकेल घाला. मी हाच मार्ग धरेन. सोबत नुसत्या ॲल्युमिनाचा नमुना तेवढ्याच निकेलसह, त्याच तापमानाला चालवा आणि दोन्हींवरचा कार्बन टीजीएवर (तापवताना वजनातला बदल मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. हवेत तापवताना निकेल ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतं. ती वाढ हिशेबात धरली नाही तर कार्बन आहे त्यापेक्षा कमी दिसेल.