छोटी बाटली घ्यावी की खोबरेलाची वाटी पुरे?

कार्तिक सरला की नाशकात दोन गोष्टी बरोबरच घडतात. खोबरेल बाटलीत थिजतं आणि पोटरीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. यंदा याच दिवसांत धाकट्या जावेनं विचारलं, "ताई, कॉलेज रोडला ती सुगंधी तेलाची छोटी बाटली बघितली. घेऊ का? की आपलं खोबरेलच बरं?" घरात तीन वर्षांचा मुलगा, तिच्या हनुवटीवर मुरमं आणि झोपेचं खोबरं झालेलं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न बऱ्याच जणींचा असतो.

दोन्हींना आपण तेलच म्हणतो, पण त्यांची जात वेगळी. खोबरेल, तीळ, बदाम ही स्निग्ध तेलं. त्वचेवर थर धरतात, ओलावा उडू देत नाहीत. त्या छोट्या बाटलीतलं इसेन्शियल ऑइल म्हणजे पानाफुलांचा उडून जाणारा अर्क, बहुतेक वेळा वाफेवर काढलेला. कागदावर एकेक थेंब टाकून बघा. खोबरेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो, लव्हेंडरचा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून "कोरड्या त्वचेसाठी लव्हेंडर" असं कुणी सांगितलं तर समजावं की काम ते ज्यात मिसळलंय ते साधं तेल करतंय, लव्हेंडर फक्त वास देतंय.

कोरडं अंग आणि केस

इथे खोबरेलाला तोड नाही. अंघोळ झाल्यावर अंग पुरतं कोरडं करू नका, ओलसर असतानाच चोळा. केसांच्या बाबतीत तर 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, आणि केसांतल्या प्रथिनांची झीज ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलानं. आजीचं म्हणणं खरं निघालं याचा मला मनापासून आनंद झाला.

चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर मात्र तिथे खोबरेल नको, छिद्रं बुजतात. त्याऐवजी द्राक्षाच्या बियांचं तेल बघा. वाइन किंवा रस काढल्यावर उरलेल्या बियांपासून ते निघतं, हलकं असतं, चिकटपणा राहत नाही. द्राक्षांच्या गावात राहून आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते अजून हातात धरलेलं नाही.

मुरमं

छोट्या बाटल्यांपैकी त्वचेसाठी पैसे टाकावेत अशी एकच, टी ट्री. हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं झाड. 1990 साली तिथेच 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरमं कमी झाली. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्यानं त्वचेची आग, कोरडेपणा असे त्रासही दुसऱ्यापेक्षा कमी झाले. म्हणजे निवड सरळ आहे. घाई असेल आणि त्वचा सोसत असेल तर औषधाच्या दुकानातली बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल घ्या. त्वचा नाजूक असेल आणि तीनेक महिने धीर धरता येत असेल तर टी ट्री.

मापाचं लक्षात ठेवा. साधारण 20 थेंबांचं 1 मिली होतं. 5 मिलीच्या चमचाभर साध्या तेलात 5 थेंब टाकले की 5 टक्के झालं. ते फक्त मुरमावर टिपायचं. सगळ्या चेहऱ्याला लावायचं तर 30 मिलीत 6 थेंब, त्याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर या दोन्हींच्या नादी न लागता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

सर्दी

नीलगिरीचा वास घेतला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. वाटतं एवढंच, आतली सूज तेवढीच राहते. मोठ्या माणसानं रुमालावर दोन थेंब टाकून हुंगायला हरकत नाही, तव्यावर शेकलेल्या ओव्याच्या पुरचुंडीनंही तितकाच आराम पडतो.

लहान मूल असेल तर माझं मत ठाम आहे: नीलगिरी आणि कापराचं तेल घरातच ठेवू नका. मुलाच्या पोटात अगदी थोडं गेलं तरी झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर लावणंही धोक्याचं. वाफेचं उकळतं पातेलं मुलापुढे ठेवू नका आणि पुरचुंडी गरम असताना त्याच्या अंगाला टेकवू नका.

झोप

लव्हेंडरचा वास मला आवडतो आणि रात्री मन निवतं हेही खरं. यावर झालेले बरेचसे अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे निद्रानाशावरचं औषध म्हणून ते घेऊ नका. डिफ्यूझर, म्हणजे खोलीत तेलाचा वास पसरवणारं उपकरण, अर्धा तास पुरतो, खिडकी किलकिली ठेवून. उशाशी मोगऱ्याची ओंजळ ठेवली तर तेच सुख स्वस्तात मिळतं, फक्त थंडीत मोगरा मिळत नाही. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर नकोच. या तेलांतले काही घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, टी ट्री तर तिला विषारीच. गरोदरपणात यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

लिंबाचं तेल

हे मी स्वतः भोगलंय. एका मे महिन्यात सुवास येतो म्हणून सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल मानेला लावलं आणि दुपारी स्कूटरवरून गंगापूर रोडला गेले. दुसऱ्या दिवशी मान भाजल्यासारखी लाल, मग तपकिरी चट्टे, आणि ते जायला कितीतरी महिने गेले. अशा तेलातले काही घटक उन्हात त्वचा जाळतात. लावलंच तर पुढचे 12 तास तो भाग उन्हात नको. माझा सल्ला विचाराल तर लिंबू जेवणात ठेवा. उटण्यात वाळलेली संत्र्याची साल असतेच, ती धुऊनही जाते.

घेताना

बाटली गडद काचेची हवी. वर झाडाचं शास्त्रीय नाव, काढण्याची पद्धत आणि तारीख हवी. "फ्रेग्रन्स ऑइल" लिहिलं असेल तर ते नुसतं अत्तराचं काम करतं, त्वचेला लावू नका. किलोभर गुलाबतेलाला सुमारे 4 टन पाकळ्या लागतात, तेव्हा दीडशे रुपयांत "शुद्ध गुलाब" कुणी देऊच शकत नाही. आपल्या वैशाखात कपाटातही ही तेलं बिघडतात, आणि जुनं झालेलं लव्हेंडर किंवा टी ट्री त्वचेला जास्त डाचतं.

जावेनं शेवटी टी ट्रीची 10 मिलीची बाटली आणली. नीलगिरी दुकानातच ठेवली. टी ट्रीही पोटात गेलं तर वाईटच, म्हणून ती वरच्या फडताळात, मुलाचा हात पोचणार नाही तिथे. झाकण उघडलं त्या दिवसाची तारीख बाटलीवर लिहायला मी लावली. वर्षभरानं उरलं असेल तर टाकून द्यायचं.