स्पर्धेच्या मंचावर: ओळखीचे गाणे की स्वतःची रचना?

महाविद्यालयीन बँड स्पर्धांत प्रत्येक बँडला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि ध्वनितपासणीही त्यातच उरकावी लागते. गाजलेले गाणे निवडले, तर श्रोते पहिल्या सुरावटीलाच टाळ्या देतात आणि मूळ ध्वनिमुद्रण ठाऊक असल्याने परीक्षकांना सफाई चटकन मोजता येते. पण ते मोजमाप दुसऱ्याच्या कामाशी असते. स्वतःच्या रचनेला अशी फूटपट्टी नसते. ड्रम्स मुद्दाम तालापासून मागे रेंगाळत असतील, तर एकदाच ऐकणाऱ्या परीक्षकाला ती चूक वाटण्याची शक्यता अधिक, आणि गुण नेमके तिथेच कापले जातात.

म्हणून स्पर्धा सुरक्षित संगीताकडे झुकतात, असे माझे ठाम मत आहे. दोष परीक्षकांच्या अभिरुचीपेक्षा गुणपत्रिकेचा अधिक. इतरांची गाणी वाजवणे कमी प्रतीचे मुळीच नाही, कारण त्यातूनच वादकांचे हात तयार होतात. मुंबईत 1984 मध्ये सुरू झालेला ‘रॉक मशीन’ हा रॉक बँडही आधी परकी गाणीच वाजवत असे, पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने तो ओळखला गेला तो मात्र स्वतःच्या गाण्यांमुळे. निदान अंतिम फेरीत तरी एक स्वरचित गाणे सक्तीचे करून त्याला स्वतंत्र गुण द्यावेत.